नौकेचा खुष्कीचा प्रवास

शिरूर गावाला जुनी माणसे अजूनही घोडनदी म्हणतात. आहुप्याच्या डोंगरात उगम पावलेली घोड नदी या गावाच्या कडेने पुढे जाते, चिंचणीच्या धरणात काही काळ विसावते आणि दौंडच्या अलीकडे भीमेला मिळते. तेव्हा शिरूरच्या पाण्याला दौंडला जावयाचे तर वाट पुसावी लागत नाही, की भाडे मोजावे लागत नाही. नावेचे मात्र तसे नाही. सारा जन्म पाण्यावर काढणाऱ्या नावेला शिरूरहून दौंडला न्यावयाचे झाले, तर रस्त्याचीच कास धरावी लागते. नदीत धरणाची भिंत आडवी येते, ठिकठिकाणी बंधारे आडवे येतात, उन्हाळ्यात खडक आणि वाळू उघडी पडते. आणि भीमेत शिरावे तर जलपर्णीचा दाट थर वल्ह्याला पुढे सरकू देत नाही. म्हणून पाणी जाते नदीने आणि नाव जाते पिकअप गाडीने.

पूर्वी मच्छीमाराची होडी अशी क्वचित निघे. पाणी आटले की जेथे पाणी असेल तेथे ती न्यावीच लागे, कारण होडी हेच त्याचे शेत. अलीकडे तिच्या जोडीला कयाक नावाची एक सडपातळ नाव आली आहे. ही मूळची उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशातली. तेथील इन्युइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सील माशाचे म्हणून ओळखले जाणारे, पण खरे तर एका सस्तन प्राण्याचे, कातडे ताणून बसवीत आणि तीत बसून शिकार करीत. शिकारी एकटाच तिला उचलून किनाऱ्यापर्यंत नेई. आजची कयाक बहुधा प्लास्टिकची असते. लांबी तीन-चार मीटर, वजन वीस-तीस किलो. म्हणजे एखाद्या धान्याच्या पोत्यापेक्षाही हलकी. मग तिला गाडीत टाकायला असे कितीसे कष्ट पडणार, असे कोणालाही वाटेल.

कष्ट वजनाचे नसतातच. ते लांबीचे आणि हलकेपणाचे असतात. पिकअपचा हौदा नावेपेक्षा आखूड. नाव आडवी ठेवून मागे फाळक्याबाहेर लोंबकळू द्यावी, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाला धोका, आणि कायदाही त्याला मान्यता देत नाही. म्हणून जाणता चालक नावेचे शेपूट हौद्याच्या तळाशी टेकवतो आणि नाक उचलून केबिनमागच्या लोखंडी कमानीवर ठेवतो. आता नाव गाडीच्या लांबीत मावते, फाळकाही नीट लागतो. पण एक अडचण सुटली की दुसरी उभी राहते. वर उचललेल्या नाकाखाली वारा शिरतो आणि हलकी नाव पतंगासारखी उडू पाहते. तिच्या नाकाला दोर बांधून तो गाडीच्या पुढच्या कड्याला आवळला, म्हणजेच तिची ही हौस थांबते.

बांधण्यातही तारतम्य लागते. दोर सैल राहिला तर नाव घसरेल हे सर्वांना कळते. अति आवळल्याने काय होते ते पुष्कळांना ठाऊक नसते. वैशाखाच्या उन्हात प्लास्टिक मऊ पडते, आणि अशा वेळी करकचून बांधलेल्या नावेच्या अंगावर दोराची खोक उमटते ती कायमची. म्हणून जेथे नाव लोखंडाला टेकते तेथे गोणपाटाच्या घड्या किंवा टायरची जुनी नळी घालतात. नायलॉनचा दोर ताणाने लांबतो, यासाठी दोन-चार किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून गाठी पुन्हा तपासाव्या लागतात. सपाट पट्टा वापरला तर वाऱ्याने तो थरथरू लागतो आणि वाटभर भुंग्यासारखा गुणगुणत राहतो. त्याला मध्ये एकदोन पीळ दिले की वारा एकसारखा लागत नाही आणि गुणगुण बंद पडते. ही युक्ती कोणत्याही पुस्तकात शोधण्यापेक्षा जुन्या क्लीनरला विचारावी.

गाडी न्हावऱ्याकडे निघते. हंगाम असेल तर उसाने लादलेले, दोन-दोन जोडगाड्या ओढणारे ट्रॅक्टर समोरून डुलत येतात. एरवी नुसता गतिरोधक चुकवायचा असतो. नाव लादलेली असली की चालकाला मान वर करून खाली आलेल्या विजेच्या तारा आणि बाभळीच्या फांद्याही पाहाव्या लागतात. चहाच्या टपरीजवळ गाडी थांबली की पोरे गोळा होतात. त्यांतला एखादा धीट मुलगा विचारतो, "काका, ह्यो येवढा मोठा मासा कुठं धरला?"

"धरला न्हाय बाळा," गाठ आवळता आवळता चालक म्हणतो, "सासरी पोचवाया चाललोय!"

थट्टाच, पण अगदी अस्थानी नव्हे. पुढे पारगावजवळ गाडी भीमेच्या पुलावर चढते, तेव्हा खालून पाणी चाललेले असते आणि वरून नाव. चौफुल्यापर्यंत गुऱ्हाळांचा गोडसर वास साथ देतो. मग पाटस येते आणि तेथून वाट दौंडकडे वळते.

नावेने जमिनीवरून जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. इ. स. १४५३ मध्ये तुर्की सुलतान दुसरा महंमद याने कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, वेढा घातला. बंदराच्या तोंडाशी शत्रूने प्रचंड साखळदंड ताणला होता. तेव्हा सुलतानाने चरबी फासलेल्या ओंडक्यांवरून सुमारे सत्तर गलबते टेकडीपलीकडे ओढून नेली. त्यामानाने इ. स. १८०३ सालची गोष्ट घराजवळची. आर्थर वेलस्लीचे इंग्रज सैन्य अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) घेऊन भर पावसाळ्यात गोदावरीवर आले. नदी दुथडी भरलेली. बैलांच्या कातड्यांनी मढवलेल्या टोपलीवजा नावांतून ते सैन्य पलीकडे उतरले. ध्रुवाकडचा शिकारी आणि गोदाकाठचा सैनिक यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. पण सांगाडा हलका करावा आणि वर कातडे ताणावे, हे दोघांनाही सुचले.

आणि कधी कधी नाव वेळेवर पोहोचते की नाही यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. इ. स. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांना महापूर आला. सांगली-कोल्हापूरकडे घरांच्या छतांवर माणसे मदतीची वाट पाहत होती. बचाव-पथकांच्या नावा दूरदूरहून मोटारींतून निघाल्या, तो कोल्हापूरजवळ महामार्गावरच पाणी चढलेले! अशा वेळी नाव लादणाऱ्याच्या हातून एक गाठ चुकली आणि वाटेत नावेला खिळ्याने ओरखडा पडला, तर ती पोहोचूनही न पोहोचल्यासारखीच. दोष असा, की तो जमिनीवर असताना डोळ्यांना दिसत नाही; मध्य प्रवाहात गेल्यावरच दिसतो.

दौंडला मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा पूल लांबून दिसू लागला की प्रवास संपत आला म्हणून समजावे. काठावर गाडी उभी राहते. पण नाव लगेच पाण्यात सोडीत नाहीत. आधी नाकाचा दोर सुटतो, मग कमानीवरचा, मग हौद्यातला. दोघे जण दोन टोके धरून तिला उतरवतात आणि दोन दगडांवर ठेवतात. गोणपाटाखालची जागा हाताने चाचपतात. शेवटी तिच्या पोटात दोन घागरी पाणी ओततात आणि खाली वाकून पाहत राहतात. क्षण जातो, दुसरा जातो. बाहेर एकही थेंब येत नाही. मग ते पाणी उपडे केले जाते, अंगरक्षक जाकिटांचे पट्टे आवळले जातात, आणि नाव काठावरच्या चिखलातून सरकत सरकत भीमेत उतरते.