पाटावरचे व्हॉल्व्ह

११ फेब्रुवारी २०२४, रविवार
माळ्यावरून दादांची पत्र्याची पेटी काढली. व्हॉल्व्ह एकोणीस, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेला. ईसीसी ८३ तीन, ईएल ८४ दोन, ईझेड ८० दोन. बाकीचे रेडिओतले. काहींच्या काचेवर बीईएल बेंगळुरूचा शिक्का, बोट लावलं तर पुसला जाईल असा. दोघांचा माथा आतून चांदीसारखा होता तो पांढरा पडलाय. हवा शिरली. ते बाजूला काढले.
तळाशी रेडिओचं पोस्टाचं लायसनबुक. वर्षावर्षाची तिकिटं चिकटवलेली.
दादा बाजेवरून म्हणाले, "पेटी काढलीस व्हय?" दिसत नाही त्यांना. झाकणाच्या आवाजावरून ओळखलं.

१२ फेब्रुवारी
झोप नाही. पंचवीस वर्षांत पंपाच्या मोटारी किती भरल्या, मोजदाद नाही. व्हॉल्व्हला एकदाही हात लावलेला नाही. दादा लावू देत नव्हते.

१३ फेब्रुवारी
लेक म्हणाली, आज जागतिक रेडिओ दिवस. दादा लगेच म्हणाले, "तेराशे पाच लाव." आकाशवाणी परभणी. आकडा तोंडात अजून तसाच.

१४ फेब्रुवारी
ठरलं. ह्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर जोडायचा. चेसिस आत्ताच कापायचं नाही. आधी फळीवर मांडायचं, वाजवून बघायचं, बदलायचं, मग पत्रा.
लेकीनं तिची पांढरी, भोकाभोकांची पाटी पुढं केली. अकरावीच्या प्रोजेक्टची. नऊ व्होल्टच्या बॅटरीला ती ठीक. आपल्याला अडीचशे पाहिजेत. दोन भोकांत अंतर इंचाचा दहावा भाग. ईएल ८४ चा हीटर एकटाच पाऊण अँपिअर ओढतो, आतल्या पातळ पत्त्या तापून ढिल्या पडतील. तिला सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं.
रात्री तिनं फोनवर चित्रं दाखवली. शंभर वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले अॅटवॉटर केंट कंपनीचे रेडिओ. डबाच नाही. लाकडी फळीवर सगळं उघडं, तसंच विकायचे. घरी जोडणारे तर पाव कापायची फळी घ्यायचे, त्यावरून नाव पडलं ब्रेडबोर्ड.
आपल्या घरात पाव कापायची फळी कुठली? पोळपाट लहान पडतो.
पाट.

१८ फेब्रुवारी, रविवार
पाट घेतला. सागवानी, अठरा इंच बाय बारा. खाली दोन आडव्या पट्ट्या, त्यामुळे तार खालून काढायला बोटभर जागा मिळते. मुद्दाम बनवला असता तरी असाच बनवला असता.
हिला विचारलं नाही. गुढी ह्याच पाटावर उभी राहते, हे चार भोकं पाडल्यावर आठवलं.

१९ फेब्रुवारी
हिनं पाट बघितला. बोलली नाही.

२२ फेब्रुवारी
देवगिरी एक्स्प्रेसनं हैदराबाद. कोठीची गुजराती गल्ली. चिनी मातीचे नऊ पिनांचे सॉकेट सहा, आठ पिनांचे दोन. टॅगपट्ट्या. ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे कंडेन्सर चार. दुकानदारानं विचारलं, कशाला पाहिजेत? सांगितलं. त्यानं मागं जाऊन अजून दोन सॉकेट आणून दिले, जुने, पिवळे पडलेले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

२५ फेब्रुवारी, रविवार
मांडणी. पॉवरचा ट्रान्सफॉर्मर डाव्या टोकाला, आउटपुटचा उजव्या. दोघांची तोंडं एकमेकांना काटकोनात, नाहीतर एकाची गुणगुण दुसऱ्यात शिरते. मधे चार सॉकेट. प्रत्येक सॉकेट हायलमच्या चौकोनी तुकड्यावर, चार स्पेसर देऊन उचललेला. प्रत्येक पिनेपासून तार काढून पितळी स्क्रूच्या पट्टीवर. स्क्रू सोडला की रेझिस्टन्स निघतो, डाग वितळवायचं काम नाही.
हीटरच्या तारा कायमच्या. जोडी पिळून, कडेकडेनं. एचटी, म्हणजे उच्च व्होल्टेज, मागच्या अंगाला, लाल तार, दुसरं काही तिकडं नाही. पुढच्या कडेला चौदा गेजची उघडी तांब्याची तार, ती जमीन. अर्थला एकाच जागी जोडलेली.
लेकीनं पिनांचे आकडे लिहिले. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

२६ फेब्रुवारी
दुकानात तीन मोटारी जळून आल्या. पाटाला हात नाही.

१ मार्च
आजही नाही. ज्वारीची काढणी, माणूस मिळेना. शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसून राहतो, पाणी थांबलेलं असतं. त्याची मोटार आधी.

३ मार्च, रविवार
आउटपुट ट्रान्सफॉर्मर भरला. हे माझं काम.
व्हॉल्व्हला ५२०० ओम दिसले पाहिजेत, स्पीकर आठ ओमचा. भागाकाराचं वर्गमूळ साडेपंचवीस. प्रायमरी २६०० वेढे, छत्तीस गेज. सेकंडरी १०२. प्रायमरीचे दोन भाग केले, तेराशे-तेराशे, मधे सेकंडरी. त्यानं वरचे सूर नीट निघतात. प्रत्येक थरावर मायलर.
मोटारीत तार जाड असते, चुकलं तर हाताला कळतं. ही केसासारखी. ११४० ला तुटली. सांधा देऊन पुढं गेलो, मग उकलून पुन्हा पहिल्यापासून भरलं. सांधा आत ठेवून झोप लागली नसती.
स्टॅम्पिंग घालताना ई सगळे एका अंगानं, आय दुसऱ्या अंगानं, मधे कागद. ह्यातून करंट एकाच दिशेनं वाहतो. फट ठेवली नाही तर लोखंड भरून जातं, आवाज चिरका होतो.
मेगर लावला. काटा टोकाला. वार्निश करून उन्हात.

८ मार्च, महाशिवरात्र
पॉवर दिली. आधी साठचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब भडकला, लगेच मंद झाला. म्हणजे शॉर्ट नाही. ईझेड ८० हळूहळू लाल. एचटी ३१०. बाकीचे व्हॉल्व्ह अजून लावलेले नाहीत.
उपासाची भगर गार झाली.

१० मार्च, रविवार
झटका बसला. पिन काढलेली होती. काढली म्हणजे संपलं, असं धरून चाललो. व्हॉल्व्ह नसल्यामुळं कंडेन्सरमधलं ओढून घेणारं कोणी नव्हतं. स्क्रूला बोट लागलं, कोपर लोखंडी टेबलाला टेकलेलं. हात उडाला, मागं भिंतीवर आदळलो.
लेक दारात उभी होती.

रात्री
लिहिताना बोटं अजून बधिर. ही म्हणाली, "ते उचलून माळ्यावर ठेवा." तिच्या आवाजात राग नव्हता.

११ मार्च
दादांनी जवळ बोलावलं. उजव्या अंगठ्यावरचा पांढरा वण माझ्या हाताला लावला. "चेसिस लाइव्ह होतं. मी बी वायर काढून बसलो होतो." इतकी वर्षं तो वण डागाचा समजत होतो.
मग म्हणाले, "ब्लीडर लावला नाहीस."

१२ मार्च
कंडेन्सरवर २२० के, दोन वॉटचा. कायमचा. स्क्रूवर नाही, डाग देऊन. शेजारी निऑन दिवा. विझला तरी त्याच्यावर विश्वास नाही, तो साठ-सत्तर व्होल्टलाच विझतो.
लेकीनं हिशोब मांडला. ९४ मायक्रोफॅरड गुणिले २२० के, एकवीस सेकंद. त्याची पाचपट, पावणेदोन मिनिटं. तिनं खडूनं भिंतीवर लिहिलं: पिन काढा. दोन मिनिटं थांबा. मीटर लावा. मग हात. डावा हात खिशात.
तिच्या ड्रेसला खिसा नाही. ती हात पाठीमागं धरते.
पाट माळ्यावर गेला नाही. हिनं भिंत वाचली.

१५ मार्च
पहिला आवाज. ईसीसी ८३ पुढं, ईएल ८४ मागं. इनपुटला बोट लावलं, स्पीकर घुमला. मग लेकीचा फोन जोडला. कॅथोडवर ७.६ व्होल्ट, रेझिस्टन्स १५० ओम. म्हणजे पन्नास मिलिअँपिअर. प्लेटवर सव्वाअकरा वॉट धरले. बारा ही हद्द. आत आहोत.
खाली एक गुणगुण आहे. गाणं थांबलं की ऐकू येते.

१७ मार्च, रविवार
गुणगुण ५० ची की १०० ची? लेकीनं फोनवर बघितलं. ५०. म्हणजे एचटीतून नाही, तिथली १०० ची असती. हीटर. त्याच्या दोन्ही तारांवरून शंभर-शंभर ओम जमिनीला दिले. दोन स्क्रू, पाच मिनिटं.
गेली. दादा म्हणाले, "आता रिकामं वाजतंय." ह्याच्यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडून मिळालेली आठवत नाही.

२१ मार्च, गुरुवार
सहा वाजून गेले होते. भूकंप. पाटावरचे व्हॉल्व्ह सॉकेटात किणकिणले, आधी तो आवाज, मग पत्रे. दादांना धरून अंगणात. थोड्या वेळानं दुसरा, हलका. टीव्हीवर सांगितलं ४.५, केंद्र हिंगोली जिल्ह्यात. नुकसान नाही.
दादा दिवसभर किल्लारीचं बोलत होते. १९९३.

२५ मार्च, धुळवड
एक ईएल ८४ गेला. वाजवत ठेवून बाहेर रंग खेळायला गेलो. दादा आतून ओरडले, "आवाज जाड झालाय, बंद कर!" लेक आधी पोचली, पिन ओढली. तेवढ्यात प्लेट लालबुंद झालेली तिनं बघितली.
कपलिंगचा कंडेन्सर पेटीतला होता, जुना, कागदी. लीक. पहिल्या प्लेटचं व्होल्टेज दुसऱ्याच्या ग्रीडवर पाझरलं. दादांनी न बघता सांगितलं, "ग्रीडला मोज." मोजलं, अकरा व्होल्ट. तिथं शून्य पाहिजे.
पेटीतला कागदी कंडेन्सर आता एकही लावायचा नाही. नवा बसवला. दुसरा ईएल ८४ लावला. हा शेवटचा.
मी म्हणालो, लवकर चेसिसमध्ये घालून टाकतो. दादा म्हणाले, "डब्यात घातलं की चूक बी डब्यात जाती. ऱ्हाऊ दे उघडं. पोरीला दिसू दे."

२८ मार्च
लेकीचा प्रयोग. ईसीसी ८३ च्या कॅथोडवरचा कंडेन्सर काढला, आवाज निम्म्यावर. लावला, पुन्हा वर. प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबून. सहा वेळा केलं. तिला पुस्तकातलं समीकरण जुळवायचं होतं. ५७ आणि ३१ आले. "पप्पा, जवळजवळ तेवढंच!"
मधूनच खरखर. कधी येते, कधी नाही. सापडत नाही.

३० मार्च
खरखर. व्हॉल्व्हवर पेन्सिल टिचकावली, सॉकेट साफ केले, सगळे स्क्रू आवळले. आहे तशीच.

१ एप्रिल
रस्त्यावर प्रचाराच्या गाड्या. खरखर ऐकायला रात्रीचे अकरा वाजले. उद्या दादांना परभणीला न्यायचं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. शुगर थोडी वाढलेली आहे. डॉक्टर म्हणाले, चालेल.

२ एप्रिल
झालं. वीस मिनिटं. बाहेर बसून मी सर्किटचा कागद काढला, एक रेघ वाचली नाही.

३ एप्रिल
पट्टी काढली. गाडीत बसल्यावर रस्त्यावरच्या पाट्या एकेक वाचत आले. सिंगणापूर. मग ताडकळस, मोठ्यानं.

५ एप्रिल
दादा स्वतःहून टेबलापाशी आले. काळा चष्मा काढला, घड्याळजीचं जुनं भिंग डोळ्याला लावलं. पाटाच्या डाव्या टोकापासून सुरुवात. बोलणं नाही. मी उभा, लेक उभी, दारात ही. दहा मिनिटं तरी गेली असतील.
"तीन नंबर. डाग कच्चा हाय."
ईएल ८४ च्या सॉकेटचा, कॅथोडचा. मीच दिलेला. वरून चकचकीत, खालून तार मोकळी. पिन काढली, दोन मिनिटं थांबलो, मीटर लावला. मग सोल्डरिंग आयर्न दादांच्या हातात दिलं. हात कापत होता. लेकीनं मनगट धरलं.
खरखर गेली.

७ एप्रिल, रविवार
ही सुताराकडं जाऊन आली. काय आणलं ते सांगितलं नाही.

९ एप्रिल, पाडवा
गुढी नव्या पाटावर. लिंबाच्या पानांचा वास घरभर.
दुपारी जुन्या पाटावर लेकीनं खडूनं आकृती काढली. पुश-पुल. ईएल ८४ दोन लागतील. आपल्याकडे एक आहे.