वऱ्हाडातून शिवडीला (दैनंदिनी : भाग तिसरा)

मंगळवार, मेहकर

सकाळी शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं. काळ्या दगडातली ही भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. इंग्रज ती लंडनला नेणार अशी कुणकुण लागताच गावानं घाईघाईनं प्रतिष्ठापना उरकली, असं इथं सांगतात. एकदा पूजाअर्चा सुरू झाली की साहेबाचा हात आखडतो, हे गावाला बरोबर ठाऊक होतं.

बाहेर टपरीवर चहा घेताना म्हटलं, मुंबईला काका बाप्टिस्टांच्या समाधीवर चाललोय.

"कोन्ते काका?" टपरीवाला म्हणाला. "आपल्या इकडचे हायेत काय?"

इकडचे नाहीत, पण परकेही नाहीत. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली, आणि स्वतःकडे एकही पद घेतलं नाही. अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. लीगच्या सहा शाखांपैकी दोन वऱ्हाडात होत्या. म्हणजे माझगावचा एक ख्रिस्ती बॅरिस्टर आमच्या आजोबा-पणजोबांच्या स्वराज्य चळवळीचा अध्यक्ष होता. शाळेत आम्हाला टिळक शिकवले, दादासाहेब खापर्डे शिकवले. हे नाव काही आलं नाही.

बुधवार, जालना

एसटीनं सिंदखेडराजामार्गे जालना. जिजाऊंचा राजवाडा खिडकीतूनच पाहिला, कारण उतरलो असतो तर पुढची गाडी कधी मिळाली असती कोण जाणे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. रात्री देवगिरी एक्स्प्रेस, वरचा बर्थ.

गुरुवार, माझगाव

डॉकयार्ड रोडला उतरून माथारपाखाडीत शिरलो. मुंबईत अजून असं गाव शिल्लक आहे यावर विश्वास बसत नाही. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल आणि मधोमध क्रूस. बाप्टिस्टांचा जन्म इथलाच, १७ मार्च १८६४चा. घराणं मूळचं उत्तनचं.

ही ईस्ट इंडियन लोकांची वस्ती. कोकणकिनाऱ्यावरचे हे मराठी बोलणारे ख्रिस्ती. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव घेतलं. नाव कंपनी सरकारची आठवण करून देणारं, आणि त्याच समाजातून टिळकांचा उजवा हात निघाला! जिन्यावर बसलेल्या एका आजींनी विचारलं, "कुठशी आलास रे बाबा?" बुलढाणा म्हटल्यावर त्यांनी "लांब हाय," एवढंच म्हटलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

संध्याकाळी टेकडीवरच्या जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात गेलो. बाग पाण्याच्या टाकीवर वसवलेली आहे. खाली गोदी, क्रेन, जहाजं. इंजिनिअरिंग शिकून, मग केंब्रिज करून बॅरिस्टर झालेल्या या माणसाला गोदीच्या आणि गिरण्यांच्या शेजारानंच घडवलं असावं, असं वाटलं. १९२० मध्ये मुंबईत 'आयटक' या कामगार संघटनेची स्थापना झाली तेव्हा अध्यक्ष लाला लजपतराय होते आणि बाप्टिस्टा उपाध्यक्ष. गिरणीकामगार आणि टपालवाले यांच्यासाठी ते झटले. 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क' ही घोषणा मुळात त्यांचीच, असंही सांगितलं जातं. त्या वादात मला फारसा रस नाही. घोषणा कोणाची का असेना, पण लीगचं म्हणणं विलायतेत मजूर पक्षाच्या लोकांपुढे मांडायला १९१७ मध्ये कोण गेलं, हे विसरून चालणार नाही. आपण मात्र घोषणेवरून भांडतो आणि बाकीचं सोडून देतो.

शुक्रवार, शिवडी

दादरच्या फूलबाजारातून झेंडूचा हार घेतला. "कुठल्या देवाला?" फूलवाल्यानं विचारलं. शिवडीच्या दफनभूमीत न्यायचाय म्हटल्यावर त्यानं हार परत घेतला, कोमेजलेली दोन फुलं काढून ताजी ओवली आणि पैसे तेवढेच घेतले.

शिवडीच्या दफनभूमीला चर्चच्या आवारासारखा आटोपशीरपणा नाही. हे मोठं, जुनं, झाडांनी भरलेलं मैदान आहे. बोरीबंदर स्थानकाचा वास्तुकार स्टीव्हन्स इथंच आहे, गेटवे ऑफ इंडियाचा विटेटही इथंच. साम्राज्याच्या कमानी उभारणारे आणि साम्राज्याकडे स्वराज्य मागणारा, सगळे एकाच भिंतीच्या आत. बाप्टिस्टांना १९३० च्या सप्टेंबरमध्ये इथं पुरलं. तोवर ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेत महापौर, होऊन गेले होते.

पाला बाजूला करून हार ठेवला. काळजीवाहकानं जवळ येऊन विचारलं, "फॅमिली?" मी म्हटलं, "वऱ्हाड शाखा." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली.

उद्या पहाटेच्या गाडीनं पुणे. वऱ्हाडातल्या त्या दोन शाखांत मेहकरचं कोणी होतं का, ते 'केसरी'च्या १९१६ आणि १७ च्या अंकांत शोधायचं आहे. नाव सापडलं तर टपरीवाल्याला फोन करणार आहे.