पंजा लढवायचा नाही!



गेल्या हिवाळ्यात इथे मिशिगनमध्ये ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना घसरलो आणि डाव्या खांद्यावर आपटलो. एक्स-रेमध्ये हाड शाबूत. मला वाटलं, आता थेट एमआरआय. पण डॉक्टरीणबाईंनी आधी नुसत्या हातांनी खांदा तपासला. तेच सांगतो, कधीतरी उपयोगी पडेल.

रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे ४ स्नायू. प्रत्येकाला शक्यतो वेगळं गाठायचं.

पहिली चाचणी: हात खांद्याइतका वर, समोर आणि बाजूच्या मध्ये, अंगठा जमिनीकडे, पेला उपडा करतो तसा. बाई वरून दाबणार, मी हात खाली जाऊ द्यायचा नाही. हा वरचा सुप्रास्पायनेटस.
दुसरी: कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात, आणि पंजा बाहेरच्या बाजूला ढकलायचा. हे मागचे दोघं, इन्फ्रास्पायनेटस आणि टेरिस मायनर.
तिसरी: पालथा हात कमरेमागे ठेवून पाठीपासून उचलायचा. हा पुढचा सबस्कॅप्युलॅरिस.

दर वेळी दुसऱ्या हाताशी तुलना.

मी आपला दात-ओठ खाऊन जोर लावतोय! बाई हसल्या. म्हणाल्या, "आपण पंजा लढवत नाही आहोत. हात खाली जातोय तो दुखतं म्हणून, की ताकदच नाही म्हणून, एवढं सांगा." खरी मेख इथेच आहे. दुखलं की माणूस जोर सोडून देतो. स्नायूबंध पूर्ण तुटला असेल तर न दुखताही जोर लागत नाही.

ताकद ० ते ५ मध्ये मोजतात. ३ म्हणजे हात स्वतःचं वजन पेलतो, ५ म्हणजे पूर्ण दाब सोसतो. मला बाहेर ढकलताना ४ मिळाले. पुढे एमआरआयमध्ये स्नायूबंध अर्धवट फाटलेला निघाला, व्यायामावर निभावलं.

आता मुद्द्याचं. आपले आई-बाबा तिकडे पडतात आणि व्हिडिओ कॉलवर सांगतात, "हा बघ, हात वर जातो की!" वर जाणं म्हणजे फक्त ३. त्यापुढचं स्क्रीनवर दिसत नाही, तिथे दुसऱ्या माणसाचा हातच लागतो. पडल्यावर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर "होईल बरं" म्हणत महिने घालवू नका. तुटलेला स्नायू आकसतो, त्यात चरबी भरते, मग शिवणं अवघड होतं. गावातल्या ऑर्थोपेडिककडे किंवा फिजिओकडे लगेच पाठवा, आणि दोन्ही खांदे तपासले का, ते फोनवर विचारा.