रानकुत्र्यांवरचा आळ

जंगलाच्या कडेला असलेल्या गावांत वाघाची भीती असते, पण त्या भीतीत मान असतो. रानकुत्र्यांच्या वाट्याला नुसती घृणा येते. ‘ती सावज जिवंतपणीच फाडून खातात’, ‘शेपटीने मूत उडवून सांबराचे डोळे घालवतात’, ‘वाघसुद्धा त्यांना वाट देतो’, आणि शेवटी जरा आवाज खाली आणून, ‘एकटा माणूस सापडला तर हाडंही उरत नाहीत.’ मी पशुवैद्य आहे. पूर्व विदर्भात, नवेगाव-नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांत गुरांच्या, कुत्र्यांच्या आणि वन्यप्राण्यांच्या आजारांवर काम करते. ही वाक्यं इतकी कानावर पडली आहेत की त्यांचा एकदा नीट हिशेब मांडावासा वाटतो. पहिलं पुष्कळसं खरं आहे. डोळे घालवण्याची गोष्ट खरी नाही. वाघ वाट देतो तो क्वचित, कळप मोठा असेल तेव्हा. आणि माणूस खाण्याच्या गोष्टीला माझ्या वाचनात किंवा पाहण्यात कुठेही आधार सापडलेला नाही.

आधी प्राणी ओळखून घेऊ, कारण पुढचा सगळा घोळ ओळखीचाच आहे. सह्याद्रीत ज्याला कोळसुंद म्हणतात तोच आमच्याकडचा रानकुत्रा, किंवा ढोल. वजन साधारण बारा ते वीस किलो, म्हणजे गावातल्या बऱ्या अंगाच्या कुत्र्याएवढंच. अंग तांबूस, कान टोकाशी गोल, शेपटी झुपकेदार आणि काळी. तो भुंकत नाही. कळप झाडीत पांगला की शिट्टी घातल्यासारखा आवाज काढून एकमेकांना हाक देतो. पाळीव कुत्रा, लांडगा आणि कोल्हा ही जवळची भावकी आहे. ढोल मात्र वेगळ्या प्रजातीचा. खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला त्याला कुत्र्यापेक्षा एक दाढ कमी असते आणि मांस कापणारी दाढ सुरीसारखी एकधारी असते. तो गावातून पळून रानात गेलेला कुत्रा नव्हे. आपल्या मोत्याला दहा पिढ्या जंगलात ठेवलं तरी त्याचा ढोल होणार नाही.

शिकारीची क्रूरता हा त्याच्यावरचा मोठा आरोप. वाघ नरडं धरून सावज गुदमरवतो, कारण त्याच्याकडे तेवढं वजन आणि तेवढे सुळे आहेत. पंधरा किलोच्या ढोलाकडे ते नाहीत. चितळ पळतं, कळप आळीपाळीने त्याला दमवतो, जमलं तर पाण्याकडे वळवतो, आणि मग पोटाकडून आणि मागच्या बाजूने त्याला उघडतो. आतडी बाहेर येतात. ते पाहणं कठीण आहे, माझ्यासारख्या शवविच्छेदन करणारीलाही. पण बहुतेक वेळा सगळं काही मिनिटांत आटोपतं. खाण्याची घाई असते, कारण वास लागून वाघ किंवा बिबट्या आला तर शिकार हातची जाते. उल्लास कारंथ आणि मेल्विन सनक्विस्ट यांनी १९९५ साली नागरहोळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या ढोलांच्या सावजाचं सरासरी वजन ४३ किलोच्या आसपास निघालं. आपल्या तिप्पट वजनाचं जनावर पाडायचं तर एकट्याचं काम नव्हे, आणि सभ्यपणे करण्याचंही नव्हे.

इंग्रजी अमदानीतल्या शिकाऱ्यांनी या प्राण्याची बदनामी केली ती मुख्यतः हरणांसाठी. ज्या चितळ-सांबरांवर त्यांना स्वतः बंदूक चालवायची होती, ती हा खातो. त्यामुळे ढोल मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळे. विष घातलं जाई, बिळात पिल्लं मारली जात. किपलिंगच्या १८९५ मधल्या ‘रेड डॉग’ या कथेत तर दख्खनमधून येणारा ढोलांचा लोंढा वाटेतलं सगळं संपवत जातो आणि मोगलीचे लांडगे त्यांच्याशी लढतात. कित्येक पिढ्यांच्या मनातलं ढोलाचं चित्र असं तयार झालं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा ही बक्षिसं संपली. त्याच दशकात ए. जे. टी. जॉनसिंग यांनी बंदीपूरमध्ये पायी फिरून ढोलांचा अभ्यास केला. पायी, हे महत्त्वाचं आहे. माणूस खाणाऱ्या कळपामागे कोणी पायी हिंडत नाही.

आमच्याकडे मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला बायामाणसं पहाटेच रानात शिरतात. वाघाने, अस्वलाने माणसं गेल्याचं, जखमी झाल्याचं सगळ्यांना माहीत आहे. पुष्कळ घरांत त्याची खूण आहे. ढोलाने कोणाला चावल्याचं मी विचारत आले आहे. उत्तर नेहमी ऐकीव निघतं, दुसऱ्या गावातलं. उलट जुनी माणसं सांगतात की कळपाने चितळ पाडलं की काठी घेऊन आरडाओरडा करत जायचं, कळप मागे सरायचा, आणि एखादी मांडी तोडून घरी आणायची. (आज हा गुन्हा आहे, आणि जंगली मांस घरात आणणं आरोग्यालाही धोक्याचं आहे.) आपल्या शिकारीवरून काठीच्या धाकाने हटणारा प्राणी तुमच्यावर चालून येईल, हे मला पटत नाही. वाटेत कळप आडवा आला तर तो थांबतो, मान उंचावून बघतो, एखादा मागच्या पायांवर उभा राहून गवतावरून पाहतो, मग निघून जातो. पिल्लांचं बीळ जवळ असेल तर गुरगुराट होतो. तिथून मुकाट्याने मागे फिरायचं, एवढंच.

एक अपवाद मात्र सांगायला हवा, आणि तो गंभीर आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४२ साली आर. सी. मॉरिस यांनी बिळिगिरीरंगन टेकड्यांतल्या रानकुत्र्यांमध्ये पसरलेल्या रेबीजची नोंद केली आहे. पिसाळलेल्या प्राण्याला माणसाचं भय उरत नाही. म्हणजे ढोल माणसाला धोकादायक व्हायचा तर आधी त्याला एक आजार व्हावा लागतो. आणि तो आजार आज जंगलात बहुतकरून कुठून येतो, ते गावाच्या बाजूला तोंड करून बघितलं तरच दिसतं.

एका सकाळी निरोप आला की रानकुत्र्यांनी रात्री गोठ्यात शिरून बकऱ्या मारल्या. पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती, नऊ बकऱ्या ओळीने पडल्या होत्या. मालक सत्तरीचे. म्हणाले, “पाहा जी मॅडम, एका रातीत सारं संपवलं. आता आमीच बंदोबस्त करतो.” बंदोबस्त काय असणार ते कुडाशी ठेवलेल्या थिमेट या कीटकनाशकाच्या पुडीवरून कळत होतं. मेलेल्या बकरीत थिमेट भरून जंगलाच्या कडेला टाकायचं. मग ढोल मरतात, त्यांच्याबरोबर कोल्हे, तरस, घारी आणि जे जे येऊन तोंड लावेल ते.

मी पहिल्या बकरीची कातडी सोलली. चावे कान, मान, मागच्या मांड्या असे सगळीकडे विखुरलेले, कातडीखाली रक्त साकळलेलं. पोट शाबूत. नऊपैकी एकीचीच कास थोडी खाल्लेली, बाकी आठ तशाच. ढोल असं करत नाही. तो बहुधा दिवसाउजेडी शिकार करतो, भर वस्तीतल्या गोठ्यात रात्री शिरणं त्याच्या स्वभावात नाही, आणि मारलं की खातो. त्याच्या शिकारीवर मी पोचते तेव्हा पोटातल्या चाऱ्याचा ढीग, कातडं, डोकं आणि मोठी हाडं एवढंच उरलेलं असतं. खेळ चढल्यासारखी एकामागून एक जनावरं मारून न खाता टाकून देणं, ही पाळीव कुत्र्यांच्या टोळीची खूण. चिखलातले ठसे गावाच्याच बाजूने आले होते आणि नाक्यावरच्या कोंबडीच्या दुकानामागे जिथे पिसं आणि आतडी टाकतात तिथे परत गेले होते.

मी हे सांगितलं तेव्हा मालकांचा चेहरा पडला, आणि तो का पडला हे मला कळत होतं. रानकुत्र्याने जनावर मारलं तर शासनाची भरपाई आहे. वाघ, बिबट, लांडगा, तरस यांच्या यादीत ढोलाचंही नाव आहे. गावकुत्र्याने मारलं तर काही नाही. नऊ बकऱ्या म्हणजे त्या घराचं वर्षाचं पोट. माझ्या एका वाक्याने ते गेलं. ढोलावर आळ घेतला जातो त्याच्यामागे अज्ञान असतं, तशी ही अडचणही असते, आणि तिला मी खोटेपणा म्हणणार नाही.

आता या कुत्र्यांकडे बघू. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात भटकी कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख, त्यांत महाराष्ट्रातली १२ लाखांहून जास्त. ती वाढण्यामागे उकिरडे आहेत, हॉटेलांचं खरकटं आहे, कोंबड्यांचा कचरा आहे आणि एक विस्मरणात गेलेली गोष्ट आहे: गिधाडं. मेलेलं गुरू माळावर टाकलं की गिधाडं ते तासाभरात साफ करायची. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने नव्वदच्या दशकात गिधाडं मेली. २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली, तोवर माळावरचं मढं कुत्र्यांच्या वाट्याला आलं होतं. अनिल मार्कंड्या आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला की गिधाडांच्या जागी कुत्री वाढल्यामुळे १९९२ ते २००६ या काळात भारतात रेबीजने सुमारे ४८ हजार जादा माणसं मेली असावीत. वर्तमानपत्रात ‘रानकुत्र्यांचा हल्ला’ असा मथळा आला की मी आधी हे आकडे आठवते. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत घटनांमागे पाळीव किंवा भटका कुत्रा असतो. म्हणून चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही, त्याच दिवशी लस सुरू करायची आणि रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही मागून घ्यायचं. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय राहत नाही.

ढोलांच्या बाजूने पाहिलं तर रेबीजइतकीच भीती डिस्टेंपर आणि पार्वोची आहे. डिस्टेंपर हा गोवराच्या घराण्यातला विषाणू. डोळ्यांतून, नाकातून स्राव येतो, न्युमोनिया होतो, पुढे स्नायू आपोआप उडू लागतात, आणि जनावर भान हरपून दिवसा वस्तीत येतं. लोक त्याला पिसाळलेलं समजून मारतात. पार्वोचा विषाणू विष्ठेतून पडतो आणि मातीत महिनोन् महिने टिकतो. ढोलांचा कळप वाटा जिथे मिळतात तिथे ठरावीक जागी विष्ठा टाकतो. चितळाच्या केसांनी भरलेल्या त्या काळपट गोळ्या नागझिऱ्यात सहज दिसतात. गावातून गुराख्यामागे आलेला कुत्रा नेमका तिथेच हुंगतो, तिथेच आपली घाण टाकतो. ढोल एकमेकांची तोंडं चाटतात, पिल्लांना ओकून भरवतात. एकाला लागलं की कळपाला लागायला वेळ लागत नाही.

हे शक्यतेच्या पातळीवरचं भय नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि सहकाऱ्यांनी गावकुत्र्यांची आणि खोकडांची रक्ततपासणी केली, तेव्हा बहुतेक प्रौढ कुत्र्यांमध्ये हे विषाणू येऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या, आणि खोकडांमध्येही त्यांचा प्रादुर्भाव आढळला. २०१८ च्या पावसाळ्याअखेर गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात २३ सिंह मेले. त्यांतल्या काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. सिंह शेकड्यांनी आहेत म्हणून टिकले. ढोलांचा अंदाज जगभर मिळून, प्रजननक्षम प्राणी धरले तर, ९४९ ते २२१५ एवढाच आहे, आणि त्यांचं पूर्वीचं तीनचतुर्थांश क्षेत्र गेलं आहे. कळप लहान, विखुरलेले. एका साथीत एक खोरं रिकामं होऊ शकतं.

कुत्र्यांना मारा, असं मी म्हणत नाही. मी त्यांच्यावरही उपचार करते, आणि मारल्याने जागा रिकामी होते, नवी कुत्री येऊन ती भरतात. गावातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. पण सरकारी मोहिमेत सहसा रेबीजचीच लस असते. जंगलाला लागून असलेल्या गावांत तिच्या जोडीला डिस्टेंपर-पार्वोची संयुक्त लस हवी, आणि ती ढोलांच्या विणीच्या आधी. त्यांची पिल्लं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात बिळात असतात. गुराख्याने कुत्रा घरी ठेवावा, मेलेलं गुरू खोल खड्ड्यात पुरावं, कोंबडीवाल्याने कचरा उघड्यावर टाकू नये. या साध्या गोष्टींना पैसा कमी आणि ग्रामसभेचा आग्रह जास्त लागतो.

आणि त्या सत्तर वर्षांच्या मालकांसाठी एक मागणी आहे. गावकुत्र्यांनी मारलेल्या शेळ्यामेंढ्यांनाही भरपाई मिळावी. ती पशुसंवर्धन विभागाने द्यावी, पंचनामा गावच्या पशुवैद्याने करावा, आणि अर्जासोबत त्या वाडीतल्या कुत्र्यांची लसनोंद जोडलेली असावी. सध्या ज्या शेतकऱ्याला खरं सांगितल्याने नऊ बकऱ्यांची किंमत गमवावी लागते, त्याने थिमेटची पुडी परत दुकानात द्यावी असं मी कोणत्या तोंडाने सांगू?