धावणाऱ्या मुलांचे पाणी

खानदेशचा उन्हाळा आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि त्याच दिवसांत आमच्या मोहल्ल्यातली मुले फज्रची नमाज आटोपून मेहरूण तलावाकडे धावायला निघतात. धुळ्यातही हेच. तिथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट 6 आहे. त्या भरतीला 5 किलोमीटर धावावे लागते. जिल्हा पोलिसांत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर. आमच्या घरातला थोरला आणि त्याच्या मागोमाग धाकटीही याच तयारीला लागली आहेत. म्हणून त्यांनी काय प्यावे, हा आमच्या दस्तरखानावरचा रोजचा विषय झाला आहे.

मैदानावर सल्ल्यांना तोटा नाही. कोणी म्हणतो, पाण्याला हातच लावू नको, दम लागतो. कोणी म्हणतो, बाटली रिकामी करूनच पळ. दोन्ही टोके वाईट. 2024 मध्ये झारखंडात शिपाई भरतीच्या 10 किलोमीटर धावण्यात दहाहून अधिक उमेदवार दगावले. तेव्हा सरकारने चाचणी तीन दिवस थांबवली आणि सकाळी 9 नंतर कोणाला धावायला लावू नये असे ठरवले. ती पोरे कोणाच्या तरी घरचा आधार होती, हे विसरता येत नाही. दुसरीकडे, 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले, तर 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी पडले होते. त्याचे मोठे कारण होते गरजेपेक्षा जास्त द्रव पिणे.

आमच्या घरात आता साधा हिशेब चालतो. धावण्याआधी आणि नंतर, घामाचे कपडे उतरवून, वजन करायचे. एक किलो घटले तर सुमारे एक लिटर घाम गेला. तो एका दमात भरून काढायचा नाही. सावलीत बसून, तीन श्वासांत, थोडे थोडे. वजन घटण्याऐवजी वाढले, तर पाणी जास्त झाले. लघवी गडद पिवळी असेल, तर कमी पडले.

1600 मीटरच्या शर्यतीत वाटेत काही प्यायची गरजच नसते. खरे काम आदल्या दिवशीचे. तासापेक्षा जास्त सराव झाला की मात्र नुसत्या पाण्याने भागत नाही, मीठही जाते. तेव्हा मीठ घातलेले ताक, लिंबूपाणी किंवा कैरीचे पन्हे, आणि सोबत आपले जळगावचे केळे. जुलाब होऊन अंगातले पाणी गेले असेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच हवा. मीठ वाढले तर अपाय होतो.

दुकानातल्या रंगीत बाटल्यांविषयी धाकटीने आम्हाला सावध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापायला 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. शिवाय एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलीच्या डब्यात साधारण 75 मिलीग्रॅम कॅफीन असते. त्याने तरतरी येते, पण घामात गेलेले मीठ परत येत नाही. उन्हात वाढलेली धडधड आणि त्यात ही भर कशाला?

रमजानचा प्रश्न वेगळा. रोज्यात आमची मुले वेगाचा सराव इफ्तारनंतर, पोट हलके झाल्यावर करतात. दिवसा फक्त चालणे. इफ्तार ते सहेरी पाणी वाटून प्यायचे, सहेरीला एकदम घागर रिती करायची नाही. मो फराहने 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रमजानातच 5000 आणि 10,000 मीटरची सुवर्णपदके जिंकली. शर्यतींसाठी त्याने रोजे पुढे ढकलले होते. आपल्या मुलांची चाचणी रमजानात आली, तर असा निर्णय जाणत्या आलिमांना विचारूनच घ्यावा.

एक खूण मात्र प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावी. धावताना मूल असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले, तर ‘थोडेच राहिले’ म्हणू नका. त्याला सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन लावा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी घालू नका. भरती पुढच्या वेळी पुन्हा येते.