डाळिंबाचे दाणे

परभणीहून परळीकडे निघालेली गाडी पोखर्णी मागे टाकते आणि थोड्या वेळाने गोदावरीच्या पुलावर येते. चाकांचा आवाज बदलला की डब्यातल्या बायका पदर सावरून हात जोडतात. एखादी खिडकीतून नाणे टाकते. पलीकडे गंगाखेड, माझे माहेर. अंतर चाळीसएक किलोमीटर. एवढ्या जवळच्या माहेराला माहेर तरी कसे म्हणावे, असे माझ्या पुण्याच्या मैत्रिणी विचारतात. त्यांना काय सांगावे!

गंगाखेड हे जनाबाईचे गाव. परंपरा सांगते की तिची आई लहानपणीच वारली आणि वडिलांनी तिला पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आणून सोडले. दळणकांडणात तिचा जन्म गेला, आणि विठ्ठलाला ती आई म्हणू लागली. वर्गात जनाबाई शिकवताना मी भक्ती, समर्पण असे मोठमोठे शब्द वापरते. नदीकाठच्या तिच्या देवळात उभी राहिले की मात्र मला आई नसलेली एक पोर तेवढी दिसते.

आमच्याकडे देवीसुद्धा माहेरी येते. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठेवर पुरणपोळी जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. कुंकवाच्या पावलांवरून त्यांना घरात आणायचे, ‘कशाने आलीस?’ म्हणून विचारायचे, पुढ्यात त्यांची बाळे बसवायची. गंमत अशी, की हा माहेरपणाचा सोहळा करणाऱ्या सुनेला त्या तीन दिवसांत स्वतःच्या माहेरी जाता येत नाही. तिला सासरच्या महालक्ष्म्या असतात!

गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर मी मुलीला घेऊन गंगाखेडला गेले. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते. रब्बीची ज्वारी नुकतीच वर आली होती. संध्याकाळी अंगणात आई शेंगा सोलत होती, आणि कॉलेजात जाणाऱ्या तिच्या नातीने तिला ग्रीकांची एक गोष्ट सांगायला घेतली.

डिमीटर ही धान्याची देवी. तिची लेक पर्सेफोनी फुले वेचत असताना जमीन दुभंगली आणि पाताळाचा राजा हेडीझ तिला रथातून घेऊन गेला. बापाची, म्हणजे झ्यूसची, त्याला आधीच संमती होती; आईला कोणी विचारलेच नव्हते. नऊ दिवस हातात मशाली घेऊन डिमीटर लेकीला शोधत फिरली. पुढे एल्युसिस गावी म्हातारीच्या वेषात विहिरीपाशी बसली, परक्याचे मूल सांभाळायला राहिली. शेवटी तिने पृथ्वीवर बीच उगवू दिले नाही. तेव्हा देव शरण आले. लेक परत आली खरी, पण पाताळात तिने डाळिंबाचा दाणा खाल्ला होता. त्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा तिला तिकडेच काढावा लागतो.

मी मध्येच माझी विद्वत्ता पाजळली. अथेन्समधल्या मुली चौदा-पंधराव्या वर्षी दुप्पट वयाच्या पुरुषाला दिल्या जात. या देण्याला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थच ‘बाहेर देणे’. आणि शरदात, पेरणीच्या सुमारास, तिथल्या विवाहित बायका तीन दिवस पुरुषांना वगळून डिमीटरचा उत्सव करीत. त्यातला मधला दिवस उपवासाचा. आईला यातले काहीच नवल वाटले नाही. तिने एवढेच विचारले, “मग तिनं तिथं खाल्लंच कशाला?”

हा प्रश्न माझ्या वर्मी लागला. लेकीच्या घरचे पाणीही पिऊ नये, ही आमच्याकडची जुनी रीत. नातवंड झाले की ती सुटते. पण आईच्या मते त्याला नातू लागतो, आणि मला ही एकुलती मुलगी. ‘आमच्याकडे राहायला चल’ म्हणून मी किती वर्षे सांगते आहे. आली तर दिवसा येते, डब्यातले खाते आणि संध्याकाळच्या गाडीने परतते. मी जरा चिडूनच म्हणाले, “आई, तिथं लेकीनं खाल्लं. तू तर आई आहेस!”

“तेच की,” शेंगांवरची नजर न काढता ती म्हणाली. “तिनं खाल्लं आणि ती तिथली झाली. मी खाल्लं तर मी तुमची होईन. मग हे घर कुणाचं?”

यावर बोलायला मला काही सुचले नाही.

पुढे थंडीत तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया परभणीला झाली आणि आठ दिवस तिला आमच्याकडे राहणे भागच पडले. पहिल्या रात्री जेवण झाल्यावर ताटाखाली रुपयाचे नाणे सापडले. फुकट खाल्ले नाही म्हणजे दोष नाही, हीही एक रीतच. मला रडू आले. मुलगी मात्र हसली आणि तिने ते नाणे एका रिकाम्या डब्यात टाकले. मग रोज दोन्ही वेळा तसेच.

परत निघताना नातीने तो डबा आजीपुढे धरला. “आजी, तुझेच आहेत.” आईने दुखरा डोळा झाकून एकेक नाणे मोजले, पुलावर टाकायला दोन बाजूला काढली आणि झाकण लावले.

“हा इथंच राहू दे,” ती म्हणाली. “पुढच्या खेपेला सुटे कुठं शोधत बसू?”