घाटाची सातवी पायरी

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानें जातांना सुरूरच्या फांट्यास उजवीकडे वळलें कीं थोड्याच वेळांत वाई येते. पांचगणी-महाबळेश्वरास निघालेली मंडळी येथें घटकाभर थांबतात, ढोल्या गणपतीचें दर्शन घेतात, कृष्णेच्या घाटावर चार छायाचित्रें काढतात आणि पसरणीच्या घाटाला लागतात. त्यांना आम्ही नांवें ठेवीत नाहीं. प्रवाशानें याहून अधिक काय करावें? पण एकाच पायरीवरून वर्षभर रोज एक छायाचित्र घेण्याचा प्रसंग आमच्यावर आला, आणि ज्या गांवांत जन्म गेला तें गांव आम्हीं तेव्हां प्रथम पाहिलें.

२०२४ सालच्या वैशाखांत आमचे वडील, नाना, निवर्तले. वय झालेलें होतें, दुखणें लांबलें नाहीं. लोक म्हणाले, सोनें झालें. तेरा दिवस घर माणसांनीं भरलेलें होतें. शोक करणाऱ्याच्या हाताला त्या दिवसांत आपल्या पूर्वजांनीं उसंत ठेविली नाहीं, यांत मोठें शहाणपण आहे. खरी कठीण वेळ चौदाव्या दिवशीं येते. पाहुणे परततात, गुरुजींचें येणें थांबतें, आणि सकाळीं उठून करावें काय, हें कोणी सांगत नाहीं.

त्या सकाळीं कांहीं सुचेना म्हणून आम्ही घाटावर गेलों. नाना पन्नास वर्षें रोज पहांटे तेथें जात. स्नान आटोपून वरून सातव्या पायरीवर बसत आणि उजाडल्यावर घरीं परतत. 'एकदां तुमच्याबरोबर येतों' असें आम्हीं त्यांना कितीदां तरी म्हटलें होतें. गेलों मात्र एकदांही नाहीं. आतां त्या पायरीवर बसवेना. तेथें उभें राहून, खिशांतला मोबाईल काढून, समोरच्या पाण्याचें एक छायाचित्र घेतलें आणि परतलों. दुसऱ्या दिवशीं पुन्हां गेलों.

हळूहळू नेम ठरला : पायरी तीच, वेळ उजाडण्याची, छायाचित्र एकच, आणि तें वाईट आलें तरी पुसावयाचें नाहीं. न्यूयॉर्कचे जेमी लिव्हिंगस्टन यांनीं ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ रोजीं मृत्यू येईपर्यंत रोज एक पोलरॉइड छायाचित्र घेतलें, ही हकीकत पूर्वीं आमच्या वाचनांत आली होती. तेव्हां तो एक विक्षिप्त छंद वाटला. आतां वाटतें कीं, माणसाला उद्यां सकाळीं उठण्यास एक कारण पुरतें; तें मोठें असावें लागत नाहीं.

ज्येष्ठांत पाणी खालीं होतें, दगड उघडे पडले होते. आषाढांत नदी गढूळली. एके दिवशीं आम्ही भिजून घरीं आलों तों माजघरांतून आईनें विचारलें, "आज पाणी कुठवर आलें रे?"

आम्ही चपापलों. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें आईनें कित्येक वर्षांत घाट उतरलेला नाहीं. ती म्हणाली, "हे रोज येऊन सांगत असत. आतां दोन महिने मला नदीची कांहीं बातमीच नाहीं." आपलें दुःख घेऊन आम्ही रोज घाटावर जात होतों, आणि घरांत दुसरें कोणी आपलें दुःख घेऊन चुलीजवळ बसलें आहे, याची आम्हांस शुद्ध नव्हती!

त्या दिवसापासून चहाच्या वेळीं आम्ही तिला छायाचित्र दाखवूं लागलों. चष्मा लावून ती तें निरखी आणि आम्हांला न दिसलेलें तिला दिसे. "तो कडेचा दगड अजून वर आहे, म्हणजे वरती डोंगरांत जोर नाहीं; हे असेंच सांगत." आषाढाच्या अखेरीस सातवी पायरी बुडाली. १७६२ सालीं गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं हें देऊळ बांधविलें, तेव्हां पुराचा लोंढा दोहों बाजूंना फाटावा म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती ठेविली, हें आम्हांस पुस्तकानें शिकविलें होतें. लोंढा तेथें कसा वळतो, हें नाना आईला सांगत आणि आई आम्हांला सांगे. कार्तिकांत धुकें आलें; माघांत कृष्णाबाईच्या उत्सवाचे मांडव घाटांवर पाळीपाळीनें उठूं लागले. ज्यांच्याबरोबर आम्ही एकदांही गेलों नाहीं, त्यांची पहांट आम्हांस अशी आईच्या तोंडून मिळाली.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचें. म्हणून वर्षश्राद्ध इंग्रजी तारखेच्या आधींच आलें. नेम तेवढ्यापुरताच होता. रात्रीं आंथरुणें घालतांना आई म्हणाली, "उद्यां जाशील ना?"

आम्ही गेलों. घाटावर अजून कोणी आलें नव्हतें. त्या दिवशीं प्रथमच आम्ही सातव्या पायरीवर बसलों, आणि छायाचित्र बसूनच घेतलें.

आईनें तें बराच वेळ पाहिलें. मग मोबाईल परत देत म्हणाली, "आज बसला होतास वाटतें."